दारापाशी एक पाय

रिसोडच्या स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, ट्रॅव्हल्स आणि गेल्या चार वर्षांपासून विमान. बोर्डावर विमानाचं चित्र काढून घेतलं तेव्हा गल्लीतले लोक हसले होते. आता त्यांचीच पोरं पुण्या-बंगळूरला जाताना माझ्याकडे येतात आणि आधी खिडकी मागतात. माणूस एसटीत बसो नाहीतर विमानात, त्याला खिडकीच पाहिजे.

वर्षाराणी तिरसट आहे असं लोक म्हणतात. आहेच मी. तिकीट काढून देणं सोपं असतं, पण माणूस त्या तिकिटावर नीट पोचावा म्हणून त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात. तो "हो हो" म्हणतो आणि त्याला करायचं तेच करतो. अशा धंद्यात गोड बोलणारं माणूस टिकत नाही.

त्या मार्चमध्ये रंगराव काका माझ्या दुकानात आले ते चेहरा पाडूनच. रंगराव काकांचं गाव इथून सात किलोमीटरवर. त्यांना स्वतःचं मूल नाही. विधवा बहीण प्रयागबाई आणि तिची तीन वर्षांची सुप्रिया त्यांच्या घरी राहायला आल्या, आणि मग सुप्रिया त्याच घरात लहानाची मोठी झाली. सायकलवर पुढे बसवून काकांनीच तिला शाळेत नेलं. ती आता बँकेत साहेब आहे, आसामात, डिब्रुगडला. होणारा नवरा तिकडचाच. नवरदेवाची आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून लग्नही तिकडेच ठरलं होतं. प्रयागबाई पंधरा दिवस आधीच लेकीकडे गेल्या होत्या. काका आणि तुळसाबाई काकूंचं रेल्वेचं तिकीट मीच काढलं होतं.

"वर्षा, थे तिकीट रद्द कर," काका म्हणाले.

"काहून?"

"हळद काढून पडली हाय वावरात. बाबूलालचं बॉयलर बंद पडलं व्हतं, आता नंबर लागला तं नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी. नंबर सोडला तं पंधरा दिवस पुढं जाते. सारी हळद खराब व्हईन."

भाचीच्या अंगाला तिकडे हळद लागणार आणि मामा इकडे हळद शिजवणार, असा तो प्रकार होता. मी डोक्याला हात लावला. लग्न शुक्रवारी, गोरज मुहूर्तावर. आणि तिकडे सूर्य आपल्यापेक्षा लवकर बुडतो, म्हणून मुहूर्त पाच पंचविसाचा. काका हळद उरकून गुरुवारी संध्याकाळी मोकळे होणार.

त्याच दिवशी सुप्रियाचा मला फोन आला. "वर्षाताई, मामा येतीन ना वो? आई म्हणते, नाही आले तं दुसरं कोनी आनीन तुले मांडवात. मले दुसरं कोनी नाही पाह्यजे."

"येतीन," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण आता ते पोचवणं माझ्या गळ्यात आलं होतं.

रात्रीचं जेवण टाकून मी शोधलं. एकच मार्ग निघाला. शुक्रवारी नागपूरहून सकाळचं विमान, दिल्लीत बदल, तिथून डिब्रुगड, उतरायचं तीन पन्नासला. दिल्लीत मध्ये वेळ फक्त पंचावन्न मिनिटं. त्यातही दार वीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे हातात पस्तीसच. हे विमान चुकलं तर दुसरं पोचेल ते मुहूर्त होऊन गेल्यावर. शहाणा माणूस असं तिकीट काढत नाही. मी काढलं.

पण एक अक्कल मी चालवली. पहिल्या विमानात दोघांना अगदी पहिल्या रांगेत बसवलं. मोठ्या खुर्च्यांचा वर्ग असतो तो, त्याला नाव काहीही असो, मी काकांना "फर्स्ट क्लास" म्हणून सांगितलं. कंपनीची सवलत चालू होती म्हणून जमलं. खुर्चीच्या गादीशी मला काही देणंघेणं नव्हतं. दार उघडलं की पहिल्या रांगेतला माणूस पहिला उतरतो, मागचं पाऊण विमान उठून बॅगा काढत उभं असतं. ही दहा-पंधरा मिनिटं मी विकत घेतली होती.

दोघांना दुकानात बसवून समजावलं. "काका, हे मेहकरले गाडी बदलल्यासारखं हाय. फक्त तिथं गाडी तुमची वाट पाहत नाही. पहिल्या खुर्चीवर बसा, पहिले उतरा, डिब्रुगडचं दार विचारा, अन् पाय उचला. कोनाशी गप्पा नाही. मोठी बॅग थेट डिब्रुगडलेच भेटते. समजलं?"

"हो हो," काका म्हणाले.

त्यांचं 'हो हो' मी ओळखून आहे. बारा वर्षं मी दुकानातून समोरचा स्टँड पाहते. बाजाराच्या दिवशी त्यांच्या गावची गाडी सुटायला लागते तेव्हा रंगराव काका कुठेतरी कोणाचं पोतं उचलून देत असतात, नाहीतर कोणाला तरी दवाखान्याचा पत्ता सांगत असतात. आणि तुळसाबाई काकू गाडीच्या पायरीवर उभ्या असतात, एक पाय आत, एक बाहेर, आणि कंडक्टरला सांगत असतात, "थांबा भाऊ, माणूस येऊन राह्यला." गाडी सुटत नाही. कंडक्टर वैतागतो. मग काका येतात, घामाघूम, हसत. हे मी इतक्यांदा पाहिलंय की पाहत असल्याचंही आता लक्षात येत नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता दुकानात मी देवापुढे अगरबत्ती लावत होते, तेवढ्यात काकूंचा फोन आला. आवाज दबका.

"वर्षा, आमी बसलो विमानात. खुर्ची लय मोठी हाय. गरम रुमाल देला तोंड पुसाले."

"चांगलं हाय. काका कुठं?"

"थे मांगं गेले."

"मांगं म्हंजे?"

"एक बाई आली न, कडेवर लहानसं लेकरू, हातात पिशवी. तिची जागा पार मांगं व्हती, सत्ताविसाव्या रांगेत. हे उठले. म्हने, बस बाई इथं, मी उभा राहतो."

"उभा राहतो?"

"हो. विमानातल्या पोरीनं सांगतलं, बाबा, उभं राहता येत नाही. मंग तिच्या जागेवर जाऊन बसले. मी म्हनलं व्हतं न, वर्षानं काय सांगतलं. तं म्हने, लेकराची माय उभी असल्यावर बसवते का कोनाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची जागा होती! ती काही उभी राहणार नव्हती! विमानात कोणी उभं राहत नाही! पण हे मी ओरडेपर्यंत काकू म्हणाल्या, "ठेवतो, फोन बंद कराले लावून राह्यले," आणि फोन बंद झाला. अगरबत्ती हातातच विझली.

मोबाइलवर विमान नकाशावर सरकताना दिसतं. ते पाहू नये, पण मी पाहिलं. आधी ते नागपुरातच पंधरा मिनिटं उभं राहिलं. मग दिल्लीवर येऊन गिरक्या मारत बसलं. वाशीमचं एक गिऱ्हाईक तिरुपतीचं तिकीट विचारायला आलं, त्याला मी उद्या या म्हणून घालवून दिलं. विमान टेकलं तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. पस्तिसातून वीस गेले.

मी काकूंना फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा उचलला.

"उतरली मी. लय मोठं हाय वो इथं."

"काकू, ऐका. हलू नका. दारापाशीच थांबा. काका आले का दोघं सोबत जा. एकटं जाऊ नका, चुकामूक व्हईन. ऐकलं?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "पन वर्षा..."

"पन-बिन नाही. थांबा."

फोन कटला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, बंद. काकांचा लावला, तोही बंद. काकांनी विमानात बंद केला तो चालू करायचं विसरले असणार, हे मला रिसोडमध्ये बसून कळत होतं. एक वाजून पाच मिनिटं झाली. डिब्रुगडचं विमान नकाशावर हललं नाही. एक वाजून चौदा मिनिटांनी हललं. त्यात ते दोघं होते की नव्हते, हे नकाशा सांगत नाही.

पावणेतीन तास. मी आयुष्यात इतका वेळ कोणाची वाट पाहिली नाही, लग्न ठरायच्या वेळीसुद्धा नाही. मीच सांगितलं होतं ना पोरीला, येतीन म्हणून. रेल्वेच बरी होती. हळद गेली असती तर गेली असती. आणि मी त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला अनोळखी जागी दारापाशी थांब म्हणून सांगितलं होतं, आणि ती माझ्या शब्दावर अजून तिथंच थांबली असेल तर? सुप्रियाचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही. काय सांगणार होते?

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. काकूंचा.

"वर्षा, पोचलो बाई आमी."

"दोघं?"

"दोघं नाही तं का मी एकटी? हे बॅग आनाले गेले."

मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले. भर दुकानात, शटर उघडं, समोर स्टँडवर शंभर माणसं. चहावाल्या शिवमनं विचारलं, काय झालं ताई, कोनी गेलं का? मी म्हटलं, "नाही रे, पोचले!" आणि त्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी सुप्रियाच्या मैत्रिणीनं मला व्हिडिओ कॉल लावला. केळीचे खांब, पिवळ्या फुलांच्या माळा, बायका तोंडानं वेगळाच आवाज काढत होत्या. आणि त्यांच्यामधून रंगराव काका येताना दिसले. डोक्याला फेटा, नवा सदरा, बोटांची पेरं हळदीनं अजून पिवळी. सुप्रियाचा हात त्यांच्या हातात. ती खाली पाहत नव्हती, मामाकडे पाहत होती. काका मात्र समोर बघून अगदी हळू चालत होते. पोरीला सायकलवरून उतरवून शाळेच्या दारात सोडताना चालायचे, तसेच. मला आता आणखी काही नको होतं.

साडेसहाला काकूंनी निवांत फोन केला. तेव्हा सगळं कळलं.

"तू थांब म्हनलं, पन मी थांबली नाही," त्या म्हणाल्या. "मले माहीत व्हतं, हे लौकर नाही उतरनार. वरतून लोकायच्या बॅगा काढून देत बसले असतीन. तसंच झालं. मी एका पोराले तिकिटाची चिठ्ठी दाखवली, त्यानं मले थे बॅटरीच्या गाडीवर बसवून देलं. दारापाशी गेली. तिथली पोरगी म्हने, लौकर चला, बंद करून राह्यलो. मी गेली पार विमानाच्या दारापाशी, अन् तिथं उभी राह्यली."

"कशा?"

"कशी म्हंजे? एक पाय आत, एक बाहेर. आपल्या स्टँडवर राहतो तशी."

मला हसू आवरेना. "अन् त्यायनं राहू देलं?"

"लय बोलले. थे हिंदीत बोलत, मी आपल्या बोलीत. म्हनलं, माणूस येऊन राह्यला. मंग एक साहेब आला, वायरलेस घेऊन. तिकीट पाह्यलं. कोनाले तरी विचारलं. बाबाची बॅग आत चढवली हाय म्हने, बाबा नाही आले तं बॅग शोधून खाली उतरवा लागते, त्याले लय वेळ लागते. त्यापेक्षा पाच मिनिटं थांबू. पन मले विचारलं, माताजी, आदमी किधर है? मी म्हनलं, हे काय, दिसून राह्यला."

"मंग काका आले?"

"आले न. पळत. घामाघूम, हसत. साहेबालेच पानी मागतलं."

त्यांच्या मागे सनईचा आवाज येत होता आणि प्रयागबाई कोणालातरी जेवायला बसा म्हणून हाक मारत होत्या. मला एक शंका राहून राहून येत होती. इतक्या वर्षांत कंडक्टरच्या वतीनं मी ती कधी विचारली नव्हती.

"काकू, खरं सांगा. त्या साहेबानं विचारलं तवा काका दिसत व्हते का?"

"कुठचे दिसतात! रस्ता पार रिकामा व्हता."

"अन् आलेच नसते तं?"

काकू मला समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "कसे येनार नाहीत बाई? पोरगी मांडवात उभी व्हती. दिसत नव्हते तं काय झालं, येऊन तं राह्यलेच व्हते."