मनांग सांताची देणगी

"सही माझीच आहे," मनांग सांता चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली. "पैसे मात्र माझे नाहीत."

सिद्रो मास्तरांनी शिवणयंत्रावर ठेवलेल्या कागदावर सदतिसाव्या ओळीत तिचं पूर्ण नाव होतं. क्रिसांता अगबायानी, धंदा शिवणकाम, आणि पुढे एक लाख ऐंशी हजार पेसो. सोबत जोडलेल्या पावतीवर तिची सही होती. एवढी रक्कम तिनं आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती. सान लुकासच्या बाजारात, पालिकेच्या गाळ्यात, ती तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत आली होती. सगळा बाजार तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणत असे. नवरा गेला, मुलगी हाँगकाँगला कामाला गेली. गाळा तेवढा राहिला.

"मेयरबाईंच्या प्रचाराला तुम्ही दिलेली देणगी आहे ही," मास्तर म्हणाले. "निवडणूक झाली की उमेदवाराला देणगीदारांची यादी निवडणूक कचेरीत द्यावी लागते. आमच्या चर्चच्या मंडळानं तिची नक्कल काढली."

"मी तर मतसुद्धा दुसऱ्याला दिलं."

"ते मला नका सांगू."

मेयर दाकानाय लागोपाठ तीनदा निवडून आले होते. चौथ्यांदा कायदा आडवा आला, म्हणून या खेपेला त्यांची बायको उभी राहिली आणि जिंकली. तीन वर्षांनी नवरा परत उभा राहणार, हे बाजारातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. 'खुर्ची तीच, उशी बदलली,' असं न्हावी म्हणायचा, तेही गिऱ्हाइकाच्या कानाशी.

"पण माझंच नाव का?"

"पालिकेच्या कंत्राटदाराला देणगी देता येत नाही. मग त्याचे पैसे कुणाच्या तरी नावावर दाखवायचे. तुम्ही लेखी द्या, की हे पैसे मी दिले नाहीत."

सांतानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मास्तर, पडलेल्या उमेदवाराच्या प्रचारात तुमचा भाचा होता ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "होता," ते म्हणाले आणि कागद तिथंच ठेवून उठले.

दिवसभर तिचं शिवणात लक्ष लागेना. सही कुठून गेली? मागच्या वादळात बाजाराचे पत्रे उडाले, तेव्हा मदतीच्या अर्जावर तिनं सही केली होती. एक नव्हे, दोन ठिकाणी. सोबत ओळखपत्राची झेरॉक्सही दिली होती. अर्ज घेऊन आली होती शेजारच्या गाळ्यातली सुक्या मासळीवाली पिलार. पत्रे खरोखरच आले, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

तिनं यादी पुन्हा वाचली. भाजीवाली, न्हावी, नारळवाला. त्यांच्या गाळ्यांच्या रांगेतली अकरा नावं होती. पिलारचं नव्हतं.

पिलार मासळी पाटीत रचत होती. सांता तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आपली सगळी रांग देणगीदार झाली म्हणे. तुझं तेवढं नाव नाही."

"मी गरीब आहे ना."

"पिलार."

"अगं, कागदावरचे पैसे. तुझ्या डब्यातून कुणी काही काढलं का?"

"तुला माहीत होतं."

पिलारनं पाटीवरची माशी हाकलली. "आधी नव्हतं. नंतर कळलं. तोवर माझा पोरगा रेने पालिकेत नोकरीला लागला होता. सांग, काय करायला हवं होतं मी? तू माझ्या जागी असतीस तर?"

सांता रागानं आपल्या गाळ्यात परतली. याच बाईनं तिच्या नवऱ्याच्या आजारपणात चार महिने तिचा गाळा सांभाळला होता. आता तिला वाटू लागलं, त्या चार महिन्यांतही हिनं गाळ्यातले काही कागद पाहून ठेवले असतील का? मग असा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली.

दोन दिवसांनी पालिकेतला एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

"मनांग, जानेवारीत गाळ्याचा परवाना नवा करायचा ना? वेळेवर होईल, काळजी नको. एवढी सही द्या. देणगी राजीखुशीनं दिली, असं लिहिलंय."

"वाचून देते."

"त्यात वाचायचं काय?"

"मागच्या वेळी वाचलं नव्हतं मी."

तो हसला, पण कागद ठेवून गेला नाही. घडी करून खिशात घातला. म्हणजे ज्याची नक्कल मागे राहू नये, असा कागद होता तो. मास्तरांच्या बोलण्यानं नाही, त्या घडीनं तिचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच निवडणूक कचेरीत गेली. अधिकारीण तरुण होती आणि सारखी दाराकडे पाहत होती. ही तरी कुणाच्या बाजूची, असं सांताच्या मनात आलं. तरी ती बसली.

"पैसे दिले नाहीत म्हणता. पण सही तुमची?"

"माझी. पत्र्यांच्या अर्जावर केलेली."

"तो अर्ज कुणी आणला होता? नाव सांगितलंत तर तक्रारीला बळ येईल. नाही तर कागद नुसता पडून राहील."

बाहेर कुणीतरी ट्रायसिकल रिक्षा सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मी दिले नाहीत, एवढंच लिहा," ती शेवटी म्हणाली. "बाकीचं मला माहीत नाही."

लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं, मागून कुणी काही घुसडू नये म्हणून मोकळ्या जागेवर रेघ मारायला लावली आणि मग सही केली. नक्कल मागून घेतली.

परतली तेव्हा पिलार गाळ्याच्या तोंडाशीच उभी होती. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"माझं नाव घेतलंस?"

"नाही."

"खरं सांग. रेनेची नोकरी आहे."

"नाही घेतलं, पिलार."

पिलारनं तिच्या डोळ्यांत पाहिलं, मग हातातल्या घडी केलेल्या कागदाकडे. "तुझ्या जागी मी असते तर घेतलं असतं," ती म्हणाली आणि वळली.

जानेवारीत सांताच्या परवान्यावर 'विचाराधीन' असा शिक्का पडला. गाळा उघडायला कुणी मनाई केली नाही, परवानाही कुणी दिला नाही. रेनेची नोकरी शाबूत राहिली. तरी पिलारनं दोन गाळ्यांच्या मधे प्रचारातला जुना ताडपत्रीचा फलक बांधून घेतला, जमिनीपासून छतापर्यंत. सांताच्या बाजूचा उजेड अडला. तिनं काही म्हटलं नाही. शिवणयंत्र हातभर पुढे, वाटेच्या बाजूला ओढलं आणि सुईत दोरा ओवायला बसली.