रुमेनाचं कच्चं डोकं

रुमेनाचं डोकं कच्चं आहे, हे आमच्या गावात पावाच्या दुकानातली बाईसुद्धा सांगायची. चीज भरलेली गरम बानित्सा कागदात गुंडाळता गुंडाळता विचारायची, "काय गं, डोकं काय म्हणतंय? आला का धीर?" रुमेना पैसे टाकून बाहेर पडायची आणि घरापर्यंत दात आवळून चालायची. अंगात बैलाची ताकद, पण ती काढायची कुणावर?

ही सगळी करणी वस्ताद स्तामेन यांची. गेल्या वर्षी परदेशातल्या कुस्तीत शेवटच्या क्षणी रुमेनाने पोलंडच्या पोरीचा पट काढून तिला पाडलं, आणि पंचाने गुण दिलाच नाही. वस्तादांनी स्पंजचा ठोकळा मॅटवर फेकला. म्हणजे निकाल मान्य नाही, व्हिडिओ बघा. पण त्याला पैलवानाचा होकार लागतो. पंचाने रुमेनाकडे पाहिलं. तिने धापा टाकत जोरजोरात मान हलवली, डावीकडून उजवीकडे, आम्ही बल्गेरियात 'हो' म्हणताना हलवतो तशी; 'नाही' म्हणायला आम्ही मान वर उचलतो. पंच फिनलंडचा. त्याच्याकडे तिचा अर्थ 'नाही'. त्याने ठोकळा परत केला आणि कुस्ती गेली.

परक्या पंचापुढे मान हलवायची नाही, अंगठा वर करायचा, हे शिकवणं वस्तादांचं काम. ते विसरले. विसरले तर विसरले, पण दोन पावलांवर उभे असून ओरडलेही नाहीत. आणि गावात येऊन वर्तमानपत्रवालीला काय सांगितलं? "मी ठोकळा टाकला, पोरगीच नको म्हणाली. ऐन वेळी कचरली. ताकद आहे हो, पण डोकं कच्चं." रुमेनाने खरं काय ते सांगितलं, तर लोक हसले. हरलेल्याला सबबी बऱ्या सुचतात म्हणाले.

मग डोकं पक्कं करायला सोफियाहून एक मनाचा डॉक्टर आणला. तो तिला रोज आरशासमोर उभं करायचा. "म्हण, मी सिंहीण आहे. मला भीती वाटत नाही." रुमेनाचं रक्त उकळायचं. भीती होती कधी मेल्या! ती ओठ नुसते हलवायची आणि आरशात बघून वेगळाच सराव करायची. मान स्थिर, अंगठा वर. डॉक्टर खूश होऊन वहीत काहीतरी लिहायचा.

यंदा सोफियालाच मोठी स्पर्धा भरली. अंतिम कुस्ती, समोर पुन्हा तीच पोलंडची पोरगी, आणि पंच फ्रान्सचा. मॅटवर जाताना वस्ताद कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, आज हरलीस तर संघातली जागा दुसरीला द्यावी लागेल. माझ्या हातात काही नाही. डोकं शांत ठेव."

"डोक्याचं तुम्ही बोलूच नका," रुमेना म्हणाली.

कुस्ती चिवट झाली. एका गुणाने मागे असताना, वेळ संपत आली तेव्हा, तिने मॅटच्या कडेला पट काढला आणि दोघी धाडकन पडल्या. पंचाने हात आडवे केले. बाहेर पडलात, गुण नाही.

"आत होतो आम्ही!" रुमेना वस्तादांकडे बघून किंचाळली. "टाका ठोकळा!"

वस्ताद ठोकळा चोळत राहिले. "नक्की ना? चुकलं तर तिला आणखी एक गुण जाईल."

"माझे पाय कुठे होते ते मला ठाऊक आहे. टाका!"

ठोकळा पडला. पंच तिच्याकडे वळला. जन्माची खोड, मान आपोआप हलायला लागली. रुमेनाने डाव्या हाताने स्वतःची हनुवटी गच्च धरली आणि उजव्या हाताचा अंगठा पंचाच्या नाकासमोर नेला. प्रेक्षक हसले. हसू देत.

पडद्यावर दिसलं, दोघी आतच होत्या. दोन गुण! उरलेले क्षण तिने त्या पोरीला जवळही येऊ दिलं नाही.

रिवाजाप्रमाणे तिने पोलंडच्या वस्तादांशी हात मिळवला. आपले वस्ताद हात पसरून उभे होते, शेजारी तीच वर्तमानपत्रवाली. "वर्षभर डोक्यावर मेहनत घेतली हिच्या," ते सांगत होते. "गेल्या वर्षीची ती भित्री पोरगी..."

रुमेना त्यांच्या मिठीत गेली नाही. ती म्हणाली, "वस्ताद, गेल्या वर्षी मी मान हलवली, ती 'हो' म्हणून की 'नाही' म्हणून? तुम्ही दोन पावलांवर होतात. सांगा हिला."

"अगं, आता जिंकलीस ना, कशाला ते..."

"सांगा."

वर्तमानपत्रवालीने पेन थांबवलं. "म्हणजे हिने तेव्हा 'हो' म्हटलं होतं?"

वस्ताद लालेलाल झाले. त्यांची मान थोडी आडवी गेली, थोडी वर उचलली गेली आणि मध्येच कुठेतरी अडकली. ती आमची 'हो' होती की आमची 'नाही', कुणालाच कळेना.

"तोंडाने बोला, वस्ताद," रुमेना म्हणाली.