दोन शिफारसपत्रं

“हे चिमणीचं. मी स्वतः लिहिलंय.” सरांनी हाताने लिहिलेले दोन कागद ताईच्या टेबलावर ठेवले. “टाइप करून आण. आज शेवटचा दिवस ना?”

“आणि माझं, सर?”

“तुझं काय, तूच लिही की! सगळ्यांची तूच तर लिहितेस. मी सही करतो.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं ती विभागाच्या कार्यालयात टायपिस्ट होती. पीएचडीला बाहेर गेलेल्या प्रत्येक पोराचं शिफारसपत्र तिनेच रचलेलं, सरांनी नुसत्या सह्या ठोकलेल्या. एमएस्सीला ती स्वतः पहिली आली होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून ‘वर्षभरच’ ही नोकरी धरली, ती धरलीच.

पीएचडीला जायची यंदा शेवटची संधी होती, कारण पस्तिशीनंतर अर्जच घेत नाहीत. पाण्यातल्या शेवाळावर संशोधन, पूर्ण शिष्यवृत्ती, जागा एकच. जाहिरात तिनेच शोधली, दोन दिवस ड्रॉवरमध्ये दडवली, मग मन खायला लागलं म्हणून फळ्यावर लावली. आणि पहिली धावत कोण आली? चिमणी! सरांची लाडकी विद्यार्थिनी, वय तेवीस. “ताई, तुम्ही किती चांगल्या आहात!” म्हणून गळ्यातच पडली. मेली गोड होती, हाच तर वैताग.

ताई टाइप करू लागली. हुशार, चिकाटीची, जिज्ञासू... ठीक आहे. मग पुढचं वाक्य आलं. ‘सुट्टीच्या दीड महिन्यात हिने रोज येऊन शेवाळाच्या बरण्या ढवळल्या, एकही मरू दिली नाही.’

बोटं थांबली. सुट्टीभर चिमणी गावी होती. प्रयोगशाळेची किल्ली ताईच्या पर्समध्ये होती. रोज, रविवारीसुद्धा, ताईच येत होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. “सर, ते सुट्टीतल्या बरण्यांचं...”

“हो ना! कमाल आहे की नाही पोरीची?” सरांचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

ताई मागे वळली. ज्याला अकरा वर्षांत दिसलं नाही, त्याला आता काय बोट धरून दाखवायचं?

जागेवर येऊन तिने ते वाक्य चिमणीच्या पत्रातून उचललं आणि स्वतःच्या पत्रात टाकलं. खरं तेच होतं ना! पण वाचवेना. सरांनी ते तिच्यासाठी लिहिलंच नव्हतं. आपलंच असून चोरल्यासारखं वाटलं. दात-ओठ खात तिने ते जिथल्या तिथे परत ठेवलं. हेवा काही गेला नाही. उलट वाढला.

मग स्वतःचं पत्र. चाळीस पोरांना आभाळाला टेकवणारी ताई, पण स्वतःसाठी शब्द फुटेना. शेवटी तिने एकच ओळ लिहिली. ‘दिलेला मजकूर ही एक अक्षरही न बदलता टाइप करते.’

सरांनी दोन्हींवर सही केली. चष्मा टेबलावरच होता.

“वा, छान लिहिलंयस,” ते म्हणाले.

तिने दोन्ही पत्रं पाठवली. पाच वाजत आले होते. पर्समधली किल्ली काढून ती प्रयोगशाळेकडे निघाली. बरण्या ढवळायच्या राहिल्या होत्या.