ज्युलिएटच्या वर्गाचा राउटर

मित्रांनो, मी राउटर आहे, आणि आता बऱ्यापैकी जुना झालो आहे. तारेतून आलेलं इंटरनेट घरातल्या फोनांना आणि लॅपटॉपना पोचवणं हे माझं काम.

कारखान्यातून निघून मी मीरा रोडच्या शांती नगरमधल्या एका घरी आलो. तिथे पाच वर्षं राबलो. पहिल्या वर्षी पाहुण्यांसमोर माझं कौतुक व्हायचं. पुढे नेट अडलं की माझ्या डोक्यावर टपली बसू लागली. मग कंपनीने माझं फर्मवेअर, म्हणजे मला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, सुधारणं बंद केलं. अंगात ताकद होती, अक्कल मात्र शिळी झाली. अखेर मी भाईंदर पश्चिमेला ईश्वरभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात, खोक्यातल्या तीसेक राउटरांमध्ये जाऊन पडलो.

एका शनिवारी उत्तनची टॅनिया तिथे आली. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची. तिची आई ज्युलिएट हिला जन्मापासून ऐकू येत नाही; ती हातांच्या खुणांनी बोलते. एका संस्थेने तिला काम दिलं होतं. कर्णबधिर मुलांच्या आयांना व्हिडिओवरून खुणांची भाषा शिकवायची. पण टॅनियाचा भाऊ इयान लग्नांचे व्हिडिओ बनवायचा. त्याने मोठी फाईल पाठवायला घेतली की आईचं चित्र गोठायचं. आवाज तुटला तर माणूस अंदाज बांधतो. हात अर्ध्यावर थांबला, तर शब्दच उरत नाही. सोमवारचा वर्गही असाच अडला, तर दुसरी शिक्षिका बघू, असं संस्थेने कळवलं होतं.

टॅनियाने आठवडाभर वाचून शोध लावला होता. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही वाचता आणि सुधारता येईल असं एक फर्मवेअर होतं. त्यात फाईल आणि व्हिडिओ यांना नीट रांगेत सोडायची सोय होती. मात्र ते प्रत्येक राउटरवर बसत नाही. म्हणून ती एकेकाला उलटं करून पोटावरचा आकडा फोनमधल्या यादीशी ताडून बघत होती.

"मॅडम, सब सेम है, कोई भी ले लो," ईश्वरभाई म्हणाले.

"सेम नहीं है भाई. इसमें मेमरी कम है, नहीं बैठेगा."

अठरा जणांना तिने बाजूला ठेवलं. एकोणिसावा मी होतो, आणि माझा आकडा यादीत सापडला.

घरी तिचे वडील ह्युबर्ट मासेमारीचं जाळं दुरुस्त करत बसले होते. मला बघून ते म्हणाले, "ह्या भंगारापायी आयचं काम जायाचं. नवा घे ना."

"न्हाय पप्पा. नव्यात ती सोय असंलच असं न्हाय. याच्यात बसतंय, मी बघितलंय."

रविवारी दुपारी तिने माझ्यात नवं फर्मवेअर भरायला घेतलं. निम्मं झालं असेल, इतक्यात वीज गेली. वीज परत आली, पण माझा एकही दिवा नीट लागेना.

"मेला तो," इयान म्हणाला.

ज्युलिएटने हाताने खूण केली, राहू दे. टॅनियाने तशीच खुणेने उत्तर दिलं, सोमवार अजून आला नाही.

तिने पुन्हा वाचायला घेतलं. माझ्या आत एक छोटा भाग अजून शाबूत होता. मागचं बटण दाबून धरत मला चालू केलं, तर तो जागा होऊन फर्मवेअर पुन्हा भरून घेणार होता. पण पुन्हा वीज गेली तर? ह्युबर्ट उठून बाहेर गेले आणि होडीवरची बॅटरी खांद्यावर घेऊन आले.

"बारा व्होल्टची हाय. तुझ्या डब्याला किती लागतं?"

"बारा," टॅनिया म्हणाली, आणि हसली.

त्यांनी तार जोडली. टॅनियाने बटण दाबून धरलं. पहिल्यांदा काही झालं नाही, दुसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा माझा दिवा भराभर लुकलुकला. तिने लॅपटॉपमधून तारेवाटे फाईल पाठवली. सहा मिनिटांनी मी शुद्धीवर आलो. तिने नवा पासवर्ड ठेवला, आमच्या लाईनचा वेग मोजला आणि त्याहून थोडा कमी आकडा रांगेच्या सोयीत भरला.

सोमवारी वर्ग सुरू झाला. टॅनियाने मुद्दाम इयानला सांगितलं, "पाठव तुझी सर्वांत मोठी फाईल." ती निघाली. मी तिला थोडं थोडं पुढे सोडत राहिलो आणि ज्युलिएटच्या हातांना एकदाही थांबू दिलं नाही. शेवटी पडद्यावरच्या एका आईने आपल्या चार वर्षांच्या मुलीला पुढे घेतलं. मुलीने चिमुकल्या बोटांनी खूण केली, 'आई.' पहिल्यांदाच. ती खूण सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खी दिसली. ज्युलिएटने तोंडावर हात धरला.

मित्रांनो, ज्युलिएटचं काम टिकलं. टॅनिया अजून दर थोड्या महिन्यांनी माझ्यात नव्या सुधारणा भरते आणि माझ्या जाळीवरची धूळ पुसते. तुमच्या घरातल्या यंत्राचीही तेवढी विचारपूस करा. त्याला टाकून देण्याआधी एकदा त्याची माहिती वाचा, एकदा नेटाने प्रयत्न करा. त्याच्यातून कुणीतरी कुणाशी बोलत असतं.