गोठा पाहायला आलेले पाहुणे

आमच्या बेलापूरच्या आदिनाथनं उभी जवानी दुधाचा टँकर हाकण्यात घालवली आणि पन्नाशीच्या तोंडावर त्याला शिकायची हुक्की आली. आधी पदवी, मग दुग्धव्यवसाय सल्लागाराचा अभ्यासक्रम. टँकर चालवताना मोबाईलवर व्याख्यानं लावायचा. ती इतकी घट्ट असत की एकदा नगरला पोचेपर्यंत टँकरात दही लागलं. खोटं वाटत असेल तर घरी या, वाटीभर अजून शिल्लक आहे.

पास झाल्यावर टँकरवरून रजा काढून हिंडला, पण गिऱ्हाईक मिळेना. सल्ला आमच्याकडे पारावर फुकट मिळतो, विकत कोण घेणार? त्यात टँकरच्या मालकानं बजावलं, "सोमवारी कामावर आला न्हाईस तर दुसरा डायव्हर बघतो." एकदा का किल्ली पुन्हा हातात घेतली, की सल्लागारी संपली, हे आदिनाथला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून शनिवारी त्यानं पारनेरकडच्या मच्छिंद्र नावाच्या गाईवाल्याला फोन केला. 'सल्लागार' म्हटलं की लोक फोन ठेवतात, तेव्हा तो शब्दच त्यानं गाळला. "उद्या येतो. घरदार, गोठा बघू. चार गोष्टी इचारायच्यात. संगं एक वडीलधारं माणूस असंल."

वडीलधारं माणूस म्हणजे मी, त्याचा शेजारी. मोटारसायकलवर मागं बसलो. पारनेरच्या माळावर वारा असा, की माझ्या मिशा मानेमागं गाठ मारून ठेवाव्या लागल्या.

दारात सडा, रांगोळी. मच्छिंद्र कडक इस्त्रीत. त्याची बायको लंकाबाई नव्या लुगड्यात. मुलगी सृष्टी साडी सावरत पाणी घेऊन आली. काय घोटाळा झालाय ते माझ्या लगेच ध्यानात आलं, पण समोरच्या शिऱ्याला तूप सुटलं होतं. गप्प बसलो.

आदिनाथनं अभ्यासात शिकवल्याप्रमाणं विचारायला सुरुवात केली. "गाई किती?"

"पंचवीस!"

"दूध?"

"कॅन पुरत न्हाईत."

"काही अडचण?"

"आमच्या घरात?" मच्छिंद्रनं छाती फुगवली. "नावालाबी न्हाई!"

आदिनाथचा चेहरा उतरला. ज्याला अडचण नाही, त्याला सल्ला कशाचा द्यायचा? तो उठायला लागला, तशी लंकाबाई म्हणाली, "आता तुमचंबी सांगा की. मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

"ज्याच्यासाठी पोरगी बघायला आलात, त्यो!"

सृष्टी तोंडाला पदर लावून खुदकन हसली. मच्छिंद्र मात्र लाल झाला. "मग इतका येळ चौकश्या कशापायी? आन ह्या म्हाताऱ्यानं दोनदा शिरा घेतला त्यो?"

तीनदा घेतला होता, पण मी ते दुरुस्त केलं नाही.

"माफ करा दादा," आदिनाथ हात जोडून म्हणाला. "मी सोयरीक घेऊन आलो न्हाई. दुधाच्या धंद्यात कुठं बिघडलंय ते बघून सल्ला देतो. ह्या वयात शिकून आलोय. फोनवरच सांगायला पायजे हुतं."

मच्छिंद्र पुढं सरकून बसला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी तुमाला खरं सांगितलं तर चालतं?"

"खरंच लागतं."

मच्छिंद्रनं वरचं बटण सोडलं. "गाई चौदाच हायेत. निम्म्या उलटत्यात, गाभ धरत न्हाईत. पाहुण्याला सांगावं तर इज्जत जाती, भावकीत बोलावं तर गावभर हुतं. कुनापुढं बोललोच न्हाई बघा."

दोघं गोठ्यात गेले. मच्छिंद्र बोलत सुटला आणि आदिनाथ असं मन लावून ऐकत होता, की गाईंनीसुद्धा रवंथ थांबवून कान टवकारले. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "गाय माजावर कधी आली, ते ध्यान कोन ठेवतं?"

"ही," मच्छिंद्र म्हणाला.

"मी? मला वाटलं तुमी ठेवता!" लंकाबाई म्हणाली.

"म्हणजे येळ निघून गेल्यावर डॉक्टर येतो," आदिनाथ म्हणाला. "हितनं सुरुवात करू. बाकी खुराक, पानी बघून सांगतो."

"आजपास्नं मी ध्यान ठेवते," सृष्टी म्हणाली.

"दर म्हैन्याला येत जा," मच्छिंद्र म्हणाला. "फुकट न्हाई. तुमची फी आसंल ती सांगा. माझ्या मेव्हण्याचीबी हीच रड हाय, त्यालाबी गाठ घालून देतो."

आदिनाथनं तिथूनच मालकाला फोन लावला. "शेठ, टँकरला दुसरा मानूस बघा."

लंकाबाई दारात उभी राहून त्याच्याकडं बघत होती. मला म्हणाली, "खरंच मुलगा न्हाई का वं त्यांना? इतकं ऐकून घेनारा सासरा पोरीला कुठं मिळायचा?"