आधी चांगलं जग

नूतनच्या हॉलमध्ये टीपॉयवर दोन पुस्तकं ठेवलेली होती, आणि त्यातलं आधी कुठलं घ्यायचं यावर सगळ्यांचं बोलणं अडलं होतं.

पिंप्राळ्यातला त्यांचा वाचनकट्टा लहानसाच. महिन्यातून एका रविवारी नूतनकडे जमायचं, चहा-चिवडा, एका पुस्तकावर गप्पा. नूतन बँकेत होती, नवल सर कॉलेजातून निवृत्त झालेले, दिपमाला नुकती लग्न होऊन शेजारच्या कॉलनीत आलेली. आणि रत्ना, शाळेत मराठी शिकवणारी. खरं तर कट्ट्याची कल्पना तिचीच. यंदा नवल सरांनी विषय काढला होता: माणसानं कल्पलेली जगं. एक सगळं सुरळीत झालेलं जग, एक सगळं मोडून पडलेलं. दोन्हींवरच्या कादंबऱ्या त्यांनीच शोधून आणल्या होत्या.

"ही पाहा," एक उचलून ते म्हणाले, "नदीकाठचं एक शहर आहे. रोगराई नाही, भांडण नाही, सगळे सुखी. आणि ही दुसरी. पाणी संपल्यावर गावंच्या गावं उठून चालायला लागतात. त्या गर्दीत एका बाईची मुलगी..."

ते मध्येच थांबले. दिपमालानं चिवड्याच्या ताटलीत मान घातली. नूतननं दुसरं पुस्तक सहज उचलल्यासारखं करून वर्तमानपत्राखाली सरकवलं.

"आधी चांगल्या जगाची घेऊ," ती म्हणाली. "हल्ली बातम्या काय कमी वाईट असतात? काय गं रत्ना?"

"घ्या ना," रत्ना म्हणाली.

सगळ्यांना हायसं वाटलं, हे तिला दिसलं. गेल्या पावसाळ्यापासून ती हेच बघत होती. ती खोलीत आली की माणसं आवाज खाली आणायची. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की तिच्यापुरती ती बातमी गिळून टाकायची. तिची भाविका डेंग्यूनं गेली होती. एकोणीस वर्षांची पोर, सोमवारी तापानं फणफणली आणि पुढच्या सोमवारी घरात नव्हती. त्यानंतर भाविकाचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. रत्नाला त्रास होऊ नये म्हणून.

घरातही तेच. योगेंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, तेराव्यानंतर भाविकाची गाडी भावाकडे पाठवून दिली होती. तिचे कपडे कधी हलले ते रत्नाला कळलंही नाही. फोटो कपाटात वरच्या कप्प्यात गेला. तो वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी ऑफिसातून आला की भाजी निवडून द्यायचा, रत्नाचं डोकं दुखलं तर बाम चोळायचा. फक्त भाविकाचा विषय निघेल असं वाटलं की उठून पंख्याचं बटण बघायचा, नळ नीट बंद आहे का ते बघायचा.

रत्नानं ते चांगल्या जगाचं पुस्तक मन लावून वाचलं. लेखकानं मनापासून लिहिलं होतं. त्या शहरात रस्त्याकडेला फळझाडं होती आणि कुणीही तोडून खावं असा रिवाज होता. शाळांना भिंती नव्हत्या. माणसं म्हातारी होऊन, नातवंडांशी बोलत बोलत, झोपेत मरत. त्याआधी कुणी मरतच नसे. रत्ना पानं उलटत गेली आणि आपण काहीतरी शोधतोय हे अर्ध्या पुस्तकाच्या पुढे तिच्या ध्यानात आलं. ती एक बाई शोधत होती. बाजारात, नदीवर, सणाच्या गर्दीत, कुठेतरी कोपऱ्यात उभी असलेली, मूल गेलेली एक बाई. शेवटच्या पानापर्यंत तशी कुणी नव्हतीच. असणार तरी कशी?

पुढच्या बैठकीत सगळ्यांनी पुस्तकाचं कौतुक केलं. नवल सर त्या शाळांवर बोलले, दिपमालाला ती झाडं फार आवडली होती. मग नूतननं हळूच विचारलं, "रत्ना, तुला कसं वाटलं? बरं वाटलं ना वाचून?"

"छान आहे शहर," रत्ना म्हणाली. "पण मी गेले तर मला कुठे उभं करतील तिथे?"

"म्हणजे?"

"तिथे लेकरं मरतच नाहीत. मग माझ्यासारखीचं ते काय करतील? भाविका नव्हतीच असं धरून चालावं लागेल मला. इथे चालतेय तसंच."

नाव ऐकताच दिपमालानं हातातला चमचा खाली ठेवला.

"आपण दुसरं काहीतरी बोलू या का?" नूतन म्हणाली. तिचा चेहरा कसनुसा झाला होता.

"मला ते दुसरं पुस्तक दे. आपण ते घेऊ पुढच्या वेळी."

"ते नको, रत्ना. तुला झेपणार नाही ते. मी चाळलंय. उगाच खपली काढायची आणि..."

"खपली धरलीय असं तुला कुणी सांगितलं?" रत्नाचा आवाज चढला. "मला जपू नका गं इतकं! जपून जपून तुम्ही माझी पोर पुसून टाकली."

नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. नवल सर चष्मा पुसत बसले. शेवटी तेच उठले, आतल्या खोलीतून पुस्तक आणलं आणि रत्नाच्या हातात दिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती सोनगीरला माहेरी गेली. योगेंद्र म्हणाला, "ऊन फार आहे, कशाला जातेस?" पण त्यानं एसटी स्टँडपर्यंत सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली. धुळ्याला गाडी बदलून ती दुपारी गावात उतरली, तेव्हा किल्ल्याचा डोंगर तव्यासारखा तापला होता. गल्लीत लिंबाला झोके बांधले होते आणि सासरहून आलेल्या लेकी गाणी म्हणत होत्या. दरवर्षी भाविका तिच्याआधी धावत जाऊन झोक्यावर चढायची. रत्ना मान खाली घालून झोक्यांजवळून पुढे गेली.

घरात तिची आई, भिकुबाई, देवाजवळ बसली होती. या सणाला घरातल्या मृत माणसांच्या नावानं घागरी भरतात. नवऱ्याची, सासू-सासऱ्यांची, अशा मातीच्या घागरी पाणी भरून तिनं मांडल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक लहानशी घागर होती, तिच्यावर ठेवलेली डांगराची, म्हणजे खरबुजाची, फोड बाकीच्यांपेक्षा मोठी.

"ही कोणाची?" रत्नानं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"भाविकानी," भिकुबाई म्हणाली.

दारातून भावजय कुंदाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "मी म्हनी ऱ्हायनू, कुवारी पोरनी घागर भरतस का?"

"कोन म्हनस नही?" म्हातारी कडाडली. "पोरले तहान नही लागस का?"

रत्ना तिथेच, त्या ओल्या फरशीवर बसली. इतके महिने ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत आली होती. आता तिचा हंबरडा गल्लीत ऐकू गेला. झोक्यावरची गाणी थांबली. बाया आत आल्या, कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला, कुणी तिच्याबरोबर रडायला लागली. एकीनं विचारलं, पोर कोणासारखी दिसायची गं? दुसरीनं सांगितलं, डोळे बापाचे, पण चाल या भिकुबाईची.

"रडी ले माय," भिकुबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली. "आठे तुले कोन चूप करस?"

ती चार दिवस राहिली. दुपारी सगळे निजले की ओट्यावर बसून ती ते मोडक्या जगाचं पुस्तक वाचायची. भिकुबाईला झोप नव्हती. "जोरमा वाच," ती म्हणायची, "माले बी आयकू दे." पुस्तकातली मराठी तिला सगळी उमगायची नाही, मग रत्ना अहिराणीत सांगायची. पाणी संपलंय, माणसं चालतायत. एका बाईची लेक गर्दीत हरवलीय. ती बाई वाटेत भेटेल त्याला विचारते, आणि माणसं म्हणतात, कशी होती ती? मग ती सांगते. केस कसे, हसायची कशी, कशाला घाबरायची. ज्यांच्याजवळ घोटभर पाणी नाही, ते बसून ऐकतात.

पुस्तक संपलं तेव्हा भिकुबाईनं विचारलं, "सापडनी का पोर?"

"नही माय."

"मंग ती काय करस?"

"चालत ऱ्हास. जो भेटस त्याले पोरनं सांगस."

भिकुबाईनं रस्त्याकडे पाहिलं. "चांगलं शे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

त्या महिन्याच्या बैठकीला दिपमाला आली नाही. तिला दिवस गेले होते, तिच्या सासूनं असलं पुस्तक वाचू दिलं नाही. रत्नानं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. नवल सरांनी अर्ध्यापर्यंत वाचलं होतं. पुढे वाचवलं नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि चहा घेऊन ते लवकर निघाले.

दोघीच उरल्या. नूतननं पुस्तक पूर्ण वाचलं होतं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती.

"ते लोक विचारतात ना," ती शेवटी म्हणाली, "कशी होती म्हणून... मला एक सांगायचंय. भाविका माझ्याकडे यायची, तुला माहीत नसताना. तुमच्या घरात अंडं चालत नाही. क्लास सुटला की यायची आणि म्हणायची, मावशी, भुर्जी कर."

रत्ना पुढे सरकून बसली. भाविका गेल्यापासून तिच्याजवळ होत्या त्याच आठवणी होत्या. त्याच त्या ती पुन्हा पुन्हा काढून बघायची, आणि त्या झिजत चालल्या होत्या. ही आठवण तिला नवी होती.

"तिखट घालायचीस?"

"भरपूर. नाकातून पाणी यायचं तिच्या, तरी तव्यावरचं पुसून खायची. आणि जाताना बडीशेप चघळायची, तुला वास येऊ नये म्हणून."

रत्ना हसली. हसता हसता तिनं तोंडावर हात दाबला, आणि नूतन उठून तिच्याजवळ येऊन बसली. "मी कितीदा सांगणार होते तुला," नूतन म्हणाली. "वाटायचं, तू कोसळशील."

"कोसळते की. सांग अजून."

दिवेलागणीला ती घरी आली. योगेंद्र स्वयंपाकघरात गवार मोडत बसला होता. ती त्याच्यासमोर बसली आणि तो उठायच्या आत तिनं भुर्जीचं सगळं सांगून टाकलं. त्याचे हात थांबले. तो उठला, नळाकडे गेला, पण नळाला हात न लावता तसाच पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलताना तिला दिसत होते. ती बसून राहिली.

मग वळून तो म्हणाला, "भुर्जीत कांदा असतो ना गं? घरी तर पोह्यांतला कांदा वेचून बाजूला काढायची ती."

"हो," रत्ना म्हणाली. "विचारायला हवं नूतनला."