शेवटचा हात

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याने मास्तरांची लॅब पाहिलेली नसणार. मास्तरांचं पोट तेहतीस वर्षं दात कोरूनच भरत आलं होतं. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे आणि जिथे बघावं तिथे पांढरी धूळ, आतल्या खोलीत छोटी भट्टी आणि खिडकीला लागून कामाचं टेबल. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, मास्तर दात करून पाठवायचे. रस्त्यात कुणी तोंडभर हसलं की ते बायकोला कोपराने ढोसायचे, "वरचे चार आपले." बायको म्हणायची, "लोक माणसं बघतात, तुम्ही दात मोजता."

मुंगी अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे प्लॅस्टर कालवायला म्हणून आली. तिचं खरं नाव वेगळं. पण मान खाली घालून दिवसभर न थांबता काम करायची, म्हणून मास्तरांनी मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. आता ती चौतीस वर्षांची होती, नवरा ड्रायव्हर, पोरगी नववीत, तरी मास्तरांच्या तोंडी ती मुंगीच. कौतुक केलं की माणूस बिघडतो असं मास्तरांचं पक्कं मत होतं, त्यामुळे तिच्या बिघडण्याची त्यांनी अकरा वर्षांत काही सोयच ठेवली नव्हती. पगाराचंही तेच. "पुढच्या वर्षी बघू," हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की बिचारीला दर वर्षी खरं वाटायचं.

तिकडे शहर मात्र अंगावरचे कपडे फाटावेत तसं वाढत होतं. नदीपलीकडे सहा पदरी रस्ता झाला, रस्त्याच्या कडेने काचेच्या इमारती झाल्या. कुणी औषधं बनवत होतं, कुणी दवाखान्याची यंत्रं, कुणी नुसतंच कॉम्प्युटरसमोर बसून भरघोस पगार घेत होतं. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "पलीकडे लागला का?" मास्तर नाक मुरडायचे. पण त्यातल्याच एका कंपनीने दात करायला घेतले तेव्हा त्यांचं नाक जागच्या जागी आलं. यंत्र वीस मिनिटांत दात कापून देतं म्हणे. फक्त तो दात कसा असावा हे यंत्राला सांगायला जाणता माणूस लागतो, आणि अशा माणसाला ते मागेल तो पगार देतात. हे डॉक्टरांकडून ऐकलं त्या दिवशी मास्तरांचं जेवणात लक्ष नव्हतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा थोडा, मग चांगलाच. पुढच्या दाताला पोर्सेलीनचे थर द्यायचे म्हणजे केसाएवढ्या ब्रशचं काम. शेजारच्या खऱ्या दातावर एखादी पुसट रेघ असते, कडेला काचेसारखा निळसरपणा असतो, ते सगळं उतरवायचं. एका सकाळी मास्तरांनी तिसऱ्यांदा थर पुसला तेव्हा मुंगीने काही न बोलता त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि काम पुरं केलं. तेव्हापासून लॅबमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दातावर शेवटचा हात तिचाच. त्या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. डॉक्टर लोक मास्तरांना फोन करून म्हणायचे, "या वयात हात काय बसलाय हो तुमचा!" मास्तर "चालायचंच" म्हणायचे आणि हात ॲप्रनच्या खिशात घालायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला मुंगी एका दवाखान्यात गेली होती. पेशंटच्या दाताचा रंग ट्यूबलाइटखाली फसवतो, तो पेशंटला दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभं करूनच बघावा लागतो. लॅबमध्ये मास्तर एकटेच. फोन वाजला.

"नमस्कार सर. मी पलीकडच्या डेंटल कंपनीतून बोलतेय," एक तरुण, गोड आवाज म्हणाला, आणि तिने कुणाचं तरी नाव घेतलं.

"राँग नंबर," मास्तर म्हणाले.

"तुमच्याकडे काम करतात ना त्या? अकरा वर्षं?"

मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. मुंगीचं नाव आडनावासकट त्यांनी आजवर ऐकलंच नव्हतं.

"त्यांनी आमच्या डिझाइन विभागात अर्ज केलाय सर. मुलाखती झाल्या. आता फक्त आधीच्या मालकांशी बोलायची पद्धत आहे. पाच मिनिटं आहेत का?"

मास्तर स्टुलावर बसले. दर रविवारी हिला कसलं काम असतं, हा प्रश्न त्यांना सहा महिने पडला होता. कॉम्प्युटरचा क्लास! आणि गेला आठवडाभर ती टेबल दोन-दोनदा का पुसत होती, समोर उभी राहून "काका…" म्हणून "काही नाही" का म्हणत होती, तेही आता कळलं. ती गेली तर लॅबला कुलूप. एवढं साधं गणित होतं.

"विचारा," ते म्हणाले.

"टीममध्ये कशा आहेत?"

"आमची टीम दोघांची. एक ती आणि एक मी. माझ्याशी कुणाचं पटत नाही, माझ्या बायकोला विचारा. हिचं अकरा वर्षं पटलंय."

पलीकडे हसू आणि टाइप केल्याचा आवाज. "सुधारायला हवं असं काही?"

"हळू आहे," मास्तर पटकन म्हणाले. "एका दाताला दोन दोन दिवस लावते." हे खरंच होतं. पण खरं बोलल्यावर माणसाला बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं नाही.

"बरं. आता एकच प्रश्न अडलाय सर. त्यांनी कामाचे फोटो दिलेत. आमचे साहेब बघून थक्क झाले. पण साहेब म्हणतात, हे काम मास्तरांचं असणार, शहरातले सगळे डॉक्टर त्यांचंच नाव घेतात. आम्ही मॅडमना विचारलं, तर त्याही म्हणाल्या, शेवटचा हात मास्तरांचाच असतो. मग नेमकं त्यांचं काम किती आणि तुमचं किती, हे तुमच्याकडून कळलं तर बरं होईल."

मास्तरांनी फोन डाव्या हातात घेतला.

काही करायचंच नव्हतं. नुसतं "हो" म्हणायचं. नाव राहिलं असतं, लॅब राहिली असती, मुंगी राहिली असती. आणि ते खोटं त्यांना रचावंही लागणार नव्हतं, तिने आयतं ताटात वाढून ठेवलं होतं. त्या खोट्यापायी हातातोंडाशी आलेली नोकरी जाईल हे तिला कळलं नसेल? मुंगीला न कळायला काय झालं! कळूनच बोलली होती ती. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. साठी उलटल्यावर इतकी लाज वाटणं प्रकृतीला बरं नाही, पण वाटली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "ती खोटं बोलली. दोन वर्षं माझा हात थरथरतोय. मला चहाचा कप धड धरता येत नाही, दात कुठला करतोय. फोटोतले सगळे दात तिचे आहेत. रंग तिने बघितला, थर तिने दिले, शेवटचा हातही तिचाच. आणि हळू आहे म्हणालो ना मी, ते हळू म्हणजे दात भट्टीतून निघाल्यावर मी चांगला झाला म्हणतो, आणि ती तो पुन्हा करायला घेते."

टाइप करण्याचा आवाज थांबला. "मग सर, लॅबमध्ये तुम्ही काय करता?" मुलीने अगदी निरागसपणे विचारलं.

"मी तिला पगार देतो," मास्तर म्हणाले. "तोसुद्धा कमी."

मुलीने तेही टाइप केलं. मग म्हणाली, "थँक यू सर. एवढंच अडलं होतं. बाकी सगळं झालंय."

अर्ध्या तासाने मुंगी आली. चपला काढून, कागदावर काढलेलं दाताचं चित्र टेबलावर ठेवून ती ॲप्रन बांधायला लागली.

"फोन आला होता," मास्तर म्हणाले. "पलीकडून."

तिचे हात तसेच थांबले. "मी सांगणारच होते काका. रोज ठरवायचे, पण तोंडच उघडायचं नाही."

"दातांच्या धंद्यात राहून तोंड उघडत नाही म्हणजे कमाल झाली."

ती हसली नाही. "काय सांगितलंत?"

"आधी तू सांग. शेवटचा हात माझा असतो, असं का सांगितलंस?"

मुंगीने ॲप्रनची गाठ मारली. "तिथे आपल्या निम्म्या डॉक्टरांची ये-जा आहे. आज बोललेलं उद्या दवाखान्यात पोचतं. मग तुम्हाला काम कोण देणार?"

"आणि नोकरी गेली असती म्हणजे?"

"दुसरी शोधली असती. एवढ्या कंपन्या येतायत." तिने टेबलावरचं दाताचं चित्र सरळ केलं. "तेहतीस वर्षांचं नाव दुसरं कुठून आणायचं, काका?"

एरवी मास्तर यावर काहीतरी खवचट बोलले असते, आज नाही. त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात बोलघेवड्या डॉक्टरांचा नंबर लावला. त्यांच्या कानात घातलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळायचं.

"काका, नका ना," मुंगी म्हणाली. तिला कळलं होतं.

"डॉक्टर, मी बोलतोय. परवा त्या बाईंच्या पुढच्या दाताचं कौतुक केलंत ना, ते चुकीच्या माणसापाशी केलंत. दोन वर्षांत माझ्या हातून एकही दात झालेला नाही. हात थरथरतो माझा. हो, दोन वर्षं. सगळं आमच्या मुंगीचं…" इथे थांबून त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं, सकाळी ऐकलेलं, आडनावासकट. "ती आता पलीकडे जाईल. मी यापुढे नुसत्या कवळ्या करेन, त्याला इतकं बारीक लागत नाही. पटलं तर पाठवा, नाही पटलं तर राग नाही. तेवढं परवाचं कौतुक पुन्हा एकदा करा, मी फोन तिच्याकडे देतो."

मुंगीने दोन्ही हातांनी फोन घेतला. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता.

"शिकवलं मास्तरांनीच," शेवटी ती फोनमध्ये म्हणाली.

ते मात्र खरं होतं, म्हणून मास्तरांनी तिला अडवलं नाही.